नागपुरातल्या एका सिकलसेल ओपीडीचा रिव्ह्यू, स्टार आत्याने दिलेत

आधीच सांगते, हॉस्पिटलचं नाव टाकणार नाही. नागपुरातलं आहे, ट्रस्टचं आहे, एवढं पुरे. जे तिथे चुकलं ते मी दुसऱ्या ठिकाणीपण पाहिलंय, आणि ज्या तीन-चार लोकांनी मनापासून काम केलं त्यांना माझ्या लिहिण्याचा त्रास व्हायला नको. पण लिहिणं गरजेचं वाटलं, कारण गडचिरोली-चंद्रपूर-गोंदियाकडून पेशंट घेऊन येणारी माणसं मोबाईलवर शोधतात तेव्हा त्यांना पार्किंग आहे का, नंबर किती वेळाने लागतो, कॅन्टीन कसं आहे एवढंच सापडतं. आपल्या म्हातारीशी तिथे कसं बोलतील हे कोणीच लिहीत नाही.

मी मानेवाड्याला राहते, माहेर धानोरा तालुक्यातलं. आम्ही गोंड. माझ्या आत्याचा नातू ११ वर्षांचा आहे, त्याला सिकलसेल हा जन्मापासूनचा रक्ताचा आजार आहे, एसएस. म्हणजे आईकडून एक आणि बापाकडून एक असे दोन्ही जीन आलेले. शाळेत तपासणी झाली तेव्हा कळलं. २०२३ च्या जुलैपासून केंद्राचं सिकलसेलचं मिशन सुरू आहे ना, ४० वर्षांपर्यंतच्या ७ कोटी लोकांची तपासणी करायची आणि २०४७ पर्यंत हा आजार संपवायचा, त्यामुळे आता तपासण्या गावोगाव होतात. चांगलंच आहे. पण आमच्याकडे निकालाची यादी शाळेच्या भिंतीवर चिकटवली होती, नावासकट. त्यात दोन मुली एएस होत्या. एएस म्हणजे फक्त वाहक, त्यांना आजार नसतो, त्या सगळं काम करू शकतात, सगळं खाऊ शकतात. पण यादीत नाव आलं म्हणजे गावाच्या दृष्टीने त्या आजारी झाल्या. त्यांच्या लग्नाच्या गोष्टी निघतील तेव्हा ती भिंत सगळ्यांना आठवेल. म्हणून आत्या नागपूरला यायच्या आधीच घाबरलेली होती, आजाराला कमी आणि कागदाला जास्त.

पहिली भेट मार्चमध्ये. पहाटे धानोऱ्याहून गडचिरोली, तिथून एसटीने नागपूर, गणेशपेठला उतरून ऑटो. हॉस्पिटलला पोचेपर्यंत बारा वाजले आणि केसपेपरची खिडकी बंद व्हायला आली होती. खिडकीवरच्या माणसाने आत्याला विचारलं, "जंगलातून आले का?" त्याला वाईट बोलायचं नसेलही, पण मागची पूर्ण लाईन वळून पाहून राहिली होती. आडनाव चुकीचं लिहिलं, मी सांगितल्यावर म्हणाला चालते. पुढे दोन महिने त्या चुकीच्या आडनावामुळे रिपोर्ट सापडायला वेळ लागला, म्हणजे चालत नव्हतं.

आत्याला बाजारापुरती मराठी येते. तांदूळ, भाव, एसटी, सगळं जमते. पण दुखणं सांगायला तिला गोंडीच लागते. हाडात दुखतं ते वेगळं, पोटात कळ येते ती वेगळी, अंग तापल्यावर होतं ते वेगळं, यासाठी तिच्याकडे वेगवेगळे शब्द आहेत आणि मराठीत ती या सगळ्याला "दुखते" म्हणते. २०११ च्या जनगणनेत गोंडी बोलणारे २९ लाखांच्या वर आहेत, तरी राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीत, म्हणजे मान्यता मिळालेल्या भाषांच्या यादीत, गोंडी नाही आणि हॉस्पिटलच्या एका बोर्डावरपण नाही. हे नागपूर १७०२ मध्ये बख्त बुलंद शहाने वसवलं, देवगडच्या गोंड राजाने. मी शाळेत हे पाठ केलं होतं. त्या दिवशी ओपीडीच्या बाकावर बसून आत्यासाठी मराठीचं गोंडी आणि गोंडीचं मराठी करताना ते आठवलं आणि डोळ्यात पाणी आलं, खरं सांगते.

डॉक्टरांकडे गेलो. वयाने मोठे, अनुभवी. पहिला प्रश्न: घरी दारू पितात का. दुसरा: पुजाऱ्याकडे नेलं होतं का. तिसरा विचारलाच नाही, स्वतःच सांगून टाकलं की तुमच्यात जवळच्या नात्यात लग्नं करतात म्हणून असे आजार होतात. आत्या म्हणाली दारू नाही, पुजारी नाही. दुसरं उत्तर खोटं होतं. पोराला महिनाभर गावातल्या पुजाऱ्याने दिलेला काढा सुरू होता. पण ज्या आवाजात प्रश्न आला त्या आवाजाला खरं उत्तर कोण देईल? आणि त्याच दिवशी त्याला हायड्रॉक्सीयुरिया, म्हणजे सिकलसेलच्या कळा कमी करायची गोळी, लिहून दिली. या गोळीवर असताना रक्ताच्या पेशी वेळोवेळी मोजाव्या लागतात, लिव्हर-किडनीवर लक्ष ठेवावं लागते, आणि पोटात आणखी काय जातंय ते डॉक्टरला माहीत असणं गरजेचं असते. इथे डॉक्टरला माहीतच नव्हतं. अपमानाचं सोडा, हा सरळ सरळ उपचारातला धोका आहे.

आणि ते नात्यातल्या लग्नाचं. सिकलसेल विदर्भात एससी समाजातपण आहे, ओबीसीतपण आहे, फक्त आमच्यातच नाही. हा जीन टिकला तो मलेरियामुळे, कारण वाहक माणसाला मलेरियाचा जोर कमी लागतो, आणि आमचे पूर्वज पिढ्यानपिढ्या मलेरियाच्या जंगलात जगले. हे पुस्तकात आहे, डॉक्टरांना माझ्यापेक्षा जास्त माहीत असणार. मग आत्याला तिच्या घरच्या लग्नांबद्दल दोषी काहून वाटायला लावलं?

सगळ्यात वाईट गोष्ट अजून सांगायची आहे. दुसऱ्या वेळी, एप्रिलमध्ये, पोराला कळा आल्या म्हणून भरती केलं. सलाईन लावायला एका माणसाने त्याच्या मनगटावरचा दोरा कात्रीने कापला आणि कचऱ्याच्या डब्यात टाकला. विचारलं नाही, सांगितलं नाही, दुसरा हात पाहिला नाही. तो दोरा पोराचे दुखणे सुरू झाले तेव्हा घरच्या देवासमोर बांधलेला होता. आत्या काहीच बोलली नाही. जेवली नाही त्या दिवशी. रात्री मला म्हणाली, आता घरी नेऊ. कळा अजून थांबल्या नव्हत्या. हॉस्पिटलवाल्यांच्या भाषेत याला "पेशंट सांगूनही ऐकत नाही, मधेच निघून जातो" म्हणतात. फाईलवर तेच लिहिलं गेलं असतं आणि दोऱ्याचं कुठेच लिहिलं गेलं नसतं.

आम्ही थांबलो ते नाईट ड्युटीच्या सिस्टरमुळे. तिने ताट परत गेलेलं पाहिलं आणि मला बाजूला घेऊन विचारलं की आजी काहून जेवल्या नाहीत. मी सांगितलं. ती आत्याजवळ जाऊन बसली, स्टुलावर नाही, खाली, आणि म्हणाली, "मावशी, आमच्याकडून चुकलं. नवा दोरा तुम्ही बांधाल का कोणाला बोलवायचं? दुसऱ्या हाताला बांधा, सलाईनला अडचण नाही." आत्याने पदराच्या काठातून सूत काढलं, देवाचं नाव घेतलं आणि बांधलं. मग पोराला म्हणाली येर पी. येर म्हणजे पाणी. सिस्टरने तो शब्द उचलला आणि मग दर तासाला येऊन स्वतःच "येर, येर" म्हणायची. सिकलसेलमध्ये पाणी भरपूर प्यावं लागते, पाणी कमी झालं की लाल पेशी विळ्यासारख्या वाकून बारीक नसांत अडकतात आणि कळा येतात. तो पोरगा चार्ट पाहून नाही, त्या शब्दामुळे प्यायला.

माझी एक मामेबहीण एमएसडब्ल्यू, म्हणजे समाजकार्याचं शिक्षण, करते, तिला हे सगळं फोनवर सांगितलं तर म्हणाली यावर जगात बरंच काम झालंय. न्यूझीलंडमध्ये इरिहापेती रॅम्सडेन नावाची माओरी नर्स होती, तिने हा विचार मांडला, इंग्रजीत त्याला कल्चरल सेफ्टी म्हणतात, आणि १९९२ पासून तिथे नर्सिंगच्या शिक्षणात तो अधिकृतपणे घेतला गेला. त्यात मला पटलेली गोष्ट ही की दवाखाना आपल्यासाठी सुरक्षित आहे का, हे दवाखाना ठरवत नाही, उपचार घेणारा माणूस ठरवतो. आणि समोरच्याच्या चालीरीतींची यादी पाठ करायच्या आधी नर्सने, डॉक्टरने स्वतःकडे पाहायचं, आपल्या हातात किती ताकद आहे, आपण कात्री कोणाच्या हातावर चालवून राहिलो. म्हणूनच या रिव्ह्यूचे स्टार मी देत नाहीये. मी नोकरी करते, मराठी फाडफाड बोलते, मला कोणी जंगलातून आले का विचारत नाही. स्टार आत्या देईल.

आता चांगलं. सिस्टरने काय केलं माहीत नाही पण पुढच्या वेळी आम्हाला एका तरुण निवासी डॉक्टरकडे पाठवलं. त्याने विचारलं, "पोराला त्रास झाला की आधी कोणाकडे नेता? ते काय देतात?" बस, एवढंच वेगळं. आत्याने सगळं सांगितलं, काढा, त्यातली साल, किती दिवस दिला. डॉक्टरने लिहून घेतलं, लिव्हर-किडनीची तपासणी केली, आणि म्हणाला की गोळी चालू असेपर्यंत काढा थांबवू, बाकी पूजा, दोरा जे करायचं ते करा, आणि ताप आला किंवा श्वास लागला तर पुजाऱ्यानेच आधी गाडी बोलवावी एवढं त्यांना माझ्याकडून सांगा. आत्याने हा निरोप खरंच पोचवला. पुजाऱ्याला डॉक्टरचा निरोप आला याचा त्याला मान वाटला, आणि जूनमध्ये ताप आला तेव्हा गाडी त्यानेच बोलवली.

आहाराच्या मॅडमनी पहिल्यांदा छापील तक्ता दिला होता, सफरचंद, पनीर, बदाम. आत्याने घडी करून कमरेला खोचला, विषय संपला. दुसऱ्या वेळी त्यांनी विचारलं घरी काय शिजते. मग पालेभाज्या, डाळ, अंडं, आंबील, मोहफुल, चारोळी, गावात तळ्याचे मासे, सगळं निघालं, आणि त्यातूनच काय रोज द्यायचं ते सांगितलं, फॉलिक ॲसिडची गोळी वेगळी. तेंदूपत्त्याचंही तसंच. आधी सांगितलं होतं की उन्हात नेऊ नका. मे महिन्यात तेंदू तोडायला जाणं म्हणजे आमच्याकडे वर्षाचा नगद पैसा, घरी पोराला एकटं ठेवायला कोणी नसते. सिस्टर म्हणाली पहाटे जा, नऊच्या आत परत या, त्याला सावलीत बसवा, दोन बाटल्या त्याच्या एकट्याच्या. हे जमलं. यावर्षी तेंदूत कळा आल्या नाहीत.

समुपदेशनाच्या ताईंचं विशेष सांगते. लग्नाचा विषय त्यांनी कसा काढला, तर आधी विचारलं तुमच्याकडे जुळवतात कसं. आत्या म्हणाली देव पाहतो, म्हणजे घराणं किती देवांचं ते, चार देवे, पाच देवे, सहा देवे, सात देवे, एकाच देवाच्या घरात लग्न होत नाही. ताई म्हणाल्या, मग देव पाहताच तर त्याच बैठकीत सिकलसेल तपासणीचं कार्डपण पाहा. दोघेही वाहक असले तर दर बाळंतपणात चारात एक शक्यता असते की मूल एसएस होईल, म्हणून आधी माहीत असलेलं बरं. आणि एक वाहक आणि एक नॉर्मल असेल तर या आजाराचं मूल होणारच नाही. त्या भिंतीवरच्या दोन मुलींसाठी हे वाक्य आत्याने तीन वेळा विचारून पक्कं करून घेतलं.

आता रिसर्चचं, आणि यावर मला जास्त लिहायचंय. मे महिन्यात ओपीडीच्या बाहेर एक टेबल होतं. एका मुलाने आठ पानी फॉर्म दिला, म्हणाला थोडं जास्तीचं रक्त घ्यायचं आहे अभ्यासासाठी, आजी इथे अंगठा लावा. मी विचारलं रक्त कुठे जाईल, किती वर्षं ठेवाल, दुसऱ्या कशासाठी वापराल का. म्हणाला ते पुढे ठरेल. आत्याला वाटलं नाही म्हटलं तर गोळ्या बंद होतील. मी नाही म्हटलं आणि फॉर्म घरी घेऊन आले.

अतिच संशय करते असं कोणाला वाटत असेल तर दोन गोष्टी सांगते. अमेरिकेत ग्रँड कॅन्यनमध्ये हवासुपाई नावाचे आदिवासी राहतात. १९९० पासून तिथल्या एका विद्यापीठाने त्यांचं रक्त डायबेटिसच्या अभ्यासासाठी म्हणून घेतलं, आणि मग तेच रक्त स्किझोफ्रेनिया, आपसातली लग्नं, त्यांचे पूर्वज कुठून आले असल्या अभ्यासांना वापरलं, जे त्यांच्या स्वतःच्या उत्पत्तीच्या कथेच्या विरोधात जात होतं. कोर्टात गेले, २०१० मध्ये विद्यापीठाने ७ लाख डॉलर दिले आणि उरलेलं रक्त परत केलं. दुसरी गोष्ट लांबची नाही. आपल्या सिरोंच्याहून गोदावरीच्या कडेने खाली गेलं की भद्राचलम, तेव्हाच्या आंध्रातल्या खम्मम जिल्ह्यात. २००९ मध्ये तिथे एचपीव्ही, म्हणजे गर्भाशयाच्या मुखाच्या कॅन्सरविरुद्धच्या, लसीच्या प्रकल्पात हजारो मुलींना लस दिली, त्यात आदिवासी होस्टेलच्या मुली होत्या आणि कित्येक फॉर्मवर आईबापाऐवजी वॉर्डनच्या सह्या होत्या. २०१० मध्ये प्रकल्प थांबवला, २०१३ मध्ये संसदेच्या समितीने कडक शब्दांत लिहिलं. लस चांगली की वाईट हा माझा मुद्दाच नाही. सही कोणाची होती हा आहे. आमच्या पोरी आश्रमशाळेत शिकतात.

आणि नियम आहेत हो आपल्याकडे. आयसीएमआर ही वैद्यकीय संशोधनाची केंद्राची संस्था, तिच्या २०१७ च्या मार्गदर्शक सूचनांमध्ये लिहिलंय की आदिवासी समाजात संशोधन तेव्हाच करायचं जेव्हा त्याचा फायदा त्यांना होईल, त्या भागात जायच्या आधी अधिकाऱ्यांची परवानगी, पंचायत नसेल तिथे गावात मान असलेल्या माणसाची परवानगी, आणि संमती घेताना समाजातली जाणती माणसं, त्यांची बोली येणारा माणूस आणि साक्षीदार. टेबलावरच्या मुलाला यातलं काही सांगितलेलं नव्हतं. त्याला दिवसाला किती फॉर्म भरायचे तेवढं सांगितलं होतं, त्याचा एकट्याचा दोष मी मानत नाही.

फॉर्मच्या शेवटच्या पानावर एथिक्स कमिटीचा, म्हणजे संशोधन नीट होतंय का ते पाहणाऱ्या समितीचा, नंबर असतो. तो शोभेला नसतो, लावा. मी लावला. दहा दिवसांनी त्या अभ्यासाच्या मुख्य मॅडमनी स्वतः बोलावलं, आणि सोबत गोंडी बोलणारी एक आरोग्यसेविका होती, हे फार मोठं काम त्यांनी केलं. एक चमचाभर रक्त किती असतं ते नळी दाखवून सांगितलं. गावात बोलतात ना की शहरात रक्त विकतात, तर तो प्रश्न आत्याने सरळ विचारला आणि मॅडम हसल्या नाहीत, फ्रीजर दाखवायला घेऊन गेल्या. फॉर्म बदलला: या अभ्यासाला हो की नाही वेगळं, पुढच्या कुठल्या अभ्यासाला वापरायचं असेल तर वेगळं, आणि कधीही नाही म्हणता येतं, गोळ्यांचा त्याच्याशी संबंध नाही, हे गोंडीत दोनदा.

तरी आत्याने अंगठा लावला नाही. म्हणाली गावात विचारते. मॅडमना आधी समजलं नाही की नातू तुमचा, रक्त त्याचं, गावाला काय विचारायचं. पण त्या शाळेच्या भिंतीवर एका पोराचं नाव नव्हतं लागलं, गावाचं लागलं होतं. आमचा धानोरा तालुका म्हणजे मेंढा-लेखा गावाचा तालुका, "दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार" म्हणणाऱ्यांचा, तिथे सगळ्यांचं एकमत झाल्याशिवाय निर्णय होत नाही. आत्याचं गाव वेगळं, पण सवय तीच. ऑगस्टमध्ये ग्रामसभा बसली, मॅडम आल्या, पावसात, शेवटचे दोन किलोमीटर चिखलातून. लोकांनी विचारलं: पेपरात गावाचं नाव येणार का? निकाल आम्हाला आधी कळेल का त्यांना? पोरींचं नाव कोणाला दिसेल? मॅडमनी लिहून दिलं की गावाचं नाव येणार नाही, निकाल आधी गावात येऊन सांगू, आणि कार्ड ज्याच्या त्याच्या हातात बंद पाकिटात. मग अकरा घरं हो म्हणाली, चार नाही म्हणाली. त्या चार घरांतल्या एका पोराला परवाच ओपीडीत पाहिलं, त्याला गोळ्या नीट मिळतात, मी मुद्दाम विचारलं.

ज्यांना हे सगळं अशक्य वाटते त्यांनी गडचिरोलीला शोधग्राम पाहून यावं. तिथल्या सर्च संस्थेच्या डॉ. अभय आणि राणी बंग यांनी लोकांनाच विचारलं दवाखाना कसा पाहिजे, आणि मग तो झोपड्यांसारखा बांधला, नातेवाईक सोबत राहू शकतील असा, दंतेश्वरी देवीच्या नावाने. नागपुरात जागा नसेल एवढी, पण दोन गोंडी बोलणारी माणसं नेमायला जागा लागत नाही. अजून या हॉस्पिटलने कायमचं कोणी नेमलेलं नाही. आरोग्यसेविका त्या अभ्यासापुरती आहे, तो संपला की ती जाईल, आणि मी नसेन त्या दिवशी आत्याचं दुखणं परत "दुखते" एवढंच होईल.

जाणार असाल तर: दहाच्या आत पोचा, आडनाव केसपेपरवर स्वतः वाचून घ्या. काढा, दोरा, काहीही लपवू नका, आणि डॉक्टर रागावले तर निवासी डॉक्टरांना भेटायचं आहे म्हणा. दोऱ्याचं भरती होतानाच सिस्टरला सांगून ठेवा. रिसर्चचा फॉर्म घरी नेता येतो, तिथेच सही करायची सक्ती नसते. रात्री नातेवाइकांना झोपायला व्हरांडा आहे, पंखे कमी, चादर न्या.

आत्याला काल फोनवर विचारलं, पाचपैकी किती देऊ. तिने विचारलं पाच म्हणजे पूर्ण का. हो म्हटलं. सिस्टरला एक म्हणाली, नव्या डॉक्टरला एक, चिखलातून आलेल्या मॅडमला एक. उरलेले दोन? ते धान निघाल्यावर, निकाल घेऊन गावात आल्या की.